नागपूर ते कोल्हापूर : अंतराचा आकडा आणि वेळेचा हिशेब

नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळापासून कोल्हापूरच्या उजळाईवाडी येथील विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावर जी सर्वांत आखूड रेषा काढता येते, तिची लांबी सुमारे ७०० किलोमीटर भरते; वैमानिकांच्या हिशेबात सांगायचे तर, एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर हे प्रमाण धरून, ३८० सागरी मैलांच्या आतबाहेर. ही रेषा नैऋत्येला उतरत जाताना वर्ध्याच्या अंगावरून, यवतमाळच्या जवळून, हिंगोली आणि नांदेड यांच्या मधून, अंबाजोगाईच्या परिसरातून व धाराशिवच्या कडेने पंढरपुरापाशी येते, आणि तेथून सांगली-मिरजेचा मुलूख ओलांडून पंचगंगेच्या खोऱ्यात पोहोचते. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र हे राज्याचे तीन विस्तीर्ण प्रदेश तिने एका ओळीत घेतलेले आहेत. दोन्ही टोकांच्या रेखांशांत पावणेपाच अंशांचे अंतर असल्यामुळे नागपूरकरांचा सूर्य कोल्हापूरकरांच्या सूर्यापेक्षा एकोणीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. एकाच राज्याच्या, एकाच भाषेच्या आणि एकाच विधिमंडळाच्या छत्राखाली नांदणाऱ्या दोन नगरांमध्ये एवढा विस्तार पसरलेला आहे हे ध्यानी घेतले, म्हणजे त्या नगरांना जोडणाऱ्या मार्गांचा प्रश्न हा राज्याच्या एकसंधपणाचा प्रश्न आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा ७०० चा आकडा कोणालाही क्षणार्धात मिळतो. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, गोलीय त्रिकोणमितीचे एक सूत्र लावले, आलेल्या अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागले आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर मिळवला, की उड्डाणाचा वेळही हाती येतो. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पंख्याच्या विमानाला जवळजवळ दोन तास, आणि ताशी ८०० च्या घरात जाणाऱ्या लहान जेटला सव्वा ते दीड तास. गणित चुकीचे नाही. परंतु या गणितावर भिस्त ठेवून जेव्हा मंत्री भाषणे करतात, नागरी विमान वाहतुकीचे दप्तर अनुदानाचे कोष्टक आखते आणि वृत्तपत्रे 'आता नागपूर दीड तासावर' असे मथळे देतात, तेव्हा ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप चालला आहे तो प्रवासी हिशेबातून गळून पडतो. माझे म्हणणे असे आहे की, दोन प्रादेशिक विमानतळांमधील संबंध किलोमीटरांत किंवा उड्डाणाच्या मिनिटांत मोजण्याची जी रीत पडली आहे ती सोडून, नागरिकाच्या दारापासून दारापर्यंतचे किती तास वाचले आणि वाचलेल्या त्या तासांत आपले काम उरकून तो त्याच दिवशी घरी परतू शकला की नाही, या मापावर राज्याने आपल्या तिजोरीतील पैसा खर्च केला पाहिजे.

हे माप लावायचे तर प्रथम जमिनीवरची स्थिती पाहणे प्राप्त आहे. कोल्हापूरला लोहमार्ग आला तो १८९१ मध्ये, मिरजेहून; आणि आजही कोल्हापूरची गाडी प्रथम मिरजेकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुराहून निघते ती सांगली, कऱ्हाड, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा भला मोठा वळसा घेत नागपूरला जाते व पुढे गोंदियात विसावते. सरळ रेषेत ७०० किलोमीटर असलेल्या नागपुरास पोहोचण्यासाठी तिला लोहमार्गाचे सुमारे १,२०० किलोमीटर तुडवावे लागतात, आणि एक अहोरात्र उलटून वर काही काळ गेल्यावाचून तिचा प्रवासी नागपूरच्या फलाटावर पाऊल ठेवू शकत नाही. या गाडीविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. अर्ध्या महाराष्ट्राचे दर्शन घडविणारी आणि तिसऱ्या वर्गाच्या काळापासून आजवर सामान्य माणसाला परवडलेली अशी दुसरी गाडी नाही. परंतु ज्याला न्यायालयात तारीख आहे, ज्याच्या मुलाची प्रवेशाची मुलाखत आहे, ज्याला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णापाशी पोहोचायचे आहे, त्याला हे दर्शन घेण्याची उसंत नसते.

रस्त्याची कथा याहून बरी, पण फार बरी नव्हे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणून जो ओळखला जातो, तो कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जवळजवळ त्या आकाशरेषेच्याच सावलीतून जातो. अंतर ८०० किलोमीटरहून अधिक, आणि बसने गेल्यास संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोहोचतो. याच पट्ट्यातून पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा शक्तिपीठ महामार्ग नेण्याची शासनाची तजवीज आहे, व त्यासाठी पिकाऊ जमीन देण्यास कोल्हापूर-सांगलीकडील शेतकऱ्यांचा तीव्र विरोध आहे. त्या वादाच्या गुणावगुणांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे नागपूर-कोल्हापूर आकाशरेषेइतकीच. तो संपूर्ण खुला झाला जून २०२५ मध्ये, आणि त्याचे समर्थन करताना शासनाने किलोमीटर सांगितले नाहीत, तास सांगितले. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, हाच त्या रस्त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद होता. जो न्याय रस्त्याला लावला तोच आकाशमार्गाला लावण्यास अडचण कोणती?

आता विमानाच्या प्रवाशाचा दिवस तास-तास लावून पाहू. विमान कंपनी जो प्रवासकाळ छापते तो चाकांखालच्या ठोकळ्या काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो; त्यात धावपट्टीकडे सरकण्याचा, क्रमाची वाट पाहण्याचा व उतरण्यापूर्वी घिरट्या घालण्याचा काळ अंतर्भूत असतो. हिवाळ्यात मध्य भारतावरून उंचावर पश्चिमेचे प्रबळ वारे वाहतात, त्यामुळे कोल्हापूरहून नागपूरला जाणारे जेट परतीच्या विमानापेक्षा काही मिनिटे लवकर पोहोचते. आकाशातही नाकेबंदी असते: पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी ही विमानतळे मुळात लष्करी, त्यांच्या सभोवतालचे आकाश राखीव, म्हणून नागरी विमान बिंदूबिंदूंनी आखलेल्या वाटेने वळसे घेत जाते आणि ७०० चे किलोमीटर थोडे वाढतात. हे सर्व धरूनही आकाशातला काळ दोन तासांच्या आतच राहतो. बाकीचा दिवस जातो तो जमिनीवर. सुटण्याच्या वेळेआधी तासभर नोंदणीची खिडकी बंद होते, म्हणून माणूस दोन तास आधी पोहोचतो. चंद्रपूरच्या माणसाला नागपूरचे विमानतळ गाठण्यासाठी दीडशे किलोमीटर यावे लागते, गडचिरोलीच्या माणसाला त्याहूनही अधिक. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगावचे सांबरा विमानतळ जवळ पडते. तथापि थेट विमान असेल तर नागपूर शहरातील घरातून कोल्हापूर शहरातील घरात पाच तासांत जाता येते. रेल्वेच्या चोवीस तासांच्या तुलनेत हा लाभ इतका प्रचंड आहे की मुंबई-पुणे किंवा मुंबई-नाशिक अशा कोणत्याही जवळच्या मार्गावर त्याच्या पासंगालाही पुरेल असा लाभ विमान देऊ शकणार नाही.

पण हे सारे 'थेट विमान असेल तर' या चार शब्दांच्या अटीवर नव्हे, तिच्या टिकाऊपणावर अवलंबून आहे. थेट सेवा नसली की प्रवासी मुंबईमार्गे जातो. कोल्हापूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०७ किलोमीटर, मुंबईहून नागपूर सुमारे ६८३. दोहोंची बेरीज ९९० च्या घरात. म्हणजे ईशान्येला जाण्यासाठी आधी वायव्येला जायचे, आणि ७०० च्या जागी हजार किलोमीटर उडायचे. किलोमीटरांचा हा वाढावा तसा क्षम्य आहे. जेटला तो वीस-पंचवीस मिनिटांचा. अक्षम्य आहे ती मधली प्रतीक्षा. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि तासाला उतरणाऱ्या-चढणाऱ्या विमानांची संख्या ठरलेली असते. या टंचाईत सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा दिल्ली, बंगळूर व परदेशच्या मोठ्या विमानांना मिळतात. कोल्हापूर, नांदेड, जळगाव यांच्या वाट्याला उरलेली वेळ येते, मग ती दुपारी दोनची का असेना. अशा वेळी उतरलेल्या प्रवाशाला नागपूरच्या विमानासाठी चार-चार तास थांबणे भाग पडते, आणि जाऊन-येऊन एका दिवसाचे काम तीन दिवसांचे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाने ही टंचाई काही अंशी निवारली जाईल, अशी आशा धरण्यास जागा आहे. परंतु एक विमान जर नव्या विमानतळावर उतरले आणि पुढचे जुन्या विमानतळावरून सुटणार असले, तर प्रवाशाला दोहोंच्या मधली खाडी आणि अख्खे शहर ओलांडावे लागेल. तेव्हा मुंबई हे राज्यातील प्रत्येक विमानमार्गाचे अनिवार्य नाके असावे ही समजूतच मुळात तपासून घेतली पाहिजे.

वास्तविक, नागपूरच्या बाबतीत तरी ही समजूत इतिहासाला धरून नाही. १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची जी योजना अमलात आली, तिचा मध्यबिंदू सोनेगाव होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती विमाने आपापल्या ठिकाणी परतत; आदल्या संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्याच्या टपाल कचेरीत वाटपासाठी तयार असे. ती विमाने आजच्या मानाने संथ होती, रात्रीच्या उड्डाणाची साधने तोकडी होती, आणि देश नुकता स्वतंत्र झालेला होता. तरीही त्या योजनेच्या शिल्पकारांनी पहिला प्रश्न विचारला तो पत्र सकाळी हाती पडेल की नाही हा, आणि त्या उत्तरावरून विमानांच्या वेळा ठरविल्या. कोणते अंतर किती, हा हिशेब त्यांनी नंतर केला. दोन-तीन दशके चाललेली ती योजना मला आजच्या प्रादेशिक विमानसेवेच्या सर्व योजनांहून अधिक विचारपूर्ण वाटते, कारण तिच्यात वेळापत्रक हेच धोरण होते. कोल्हापूरच्या विमानतळाचा इतिहासही याहून कमी अभिमानास्पद नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ च्या सुमारास, देशात प्रवासी विमाने बोटांवर मोजण्याइतकी असताना, एका संस्थानाच्या खजिन्यातून हे विमानतळ उभारले. अशा दूरदृष्टीच्या दोन स्थळांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यासाठी थेट सेवा नसली की तिसऱ्या शहराची वाट धरावी लागावी, हे मनाला खरोखर लागते.

आजची व्यवस्था वेळेचा विचार न करता अंतराचा कसा करते, याचे प्रमाण केंद्र शासनाच्या 'उडान' योजनेतच सापडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेखाली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली, आणि त्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्ग सुरू झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होती. काही आसने ठराविक दराने, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशा प्रारंभीच्या दराने विकावयाची, आणि होणारी तूट तीन वर्षांच्या मुदतीपर्यंत अनुदानाने भरून द्यावयाची, असा तिचा सर्वसाधारण आराखडा. मात्र अनुदानाचे मोजमाप मार्गाच्या लांबीवर बेतलेले होते. मार्ग किती लांब असावा यावरच दीर्घकाळ बंधन होते. एप्रिल २०२३ मधील पाचव्या फेरीत ६०० किलोमीटरची मर्यादा उठविण्यात आली, तरी अनुदानाचा हिशेब ६०० किलोमीटरांपर्यंतच करावयाचा असे ठरले. नागपूर-कोल्हापूर मार्ग या रेषेच्या शंभर किलोमीटर पलीकडे पडतो. ज्या दोन गावांमध्ये पाच तासांत पोहोचविणारी उत्तम रेल्वे आहे तेथील ३०० किलोमीटरच्या उड्डाणाला संपूर्ण लांबीचे साह्य, आणि जेथे रेल्वेने अहोरात्र लागते तेथील ७०० किलोमीटरच्या उड्डाणाला सहा-सप्तमांश लांबीचे. ही विषमता कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यातून आलेली नाही, चुकीचे माप हाती धरल्यामुळे आलेली आहे. अनुदान वाचलेल्या तासांवर द्यावे, म्हणजे सर्वांत जलद भूमार्गाच्या तुलनेत विमानाने जितके तास वाचतील तितके अधिक साह्य मिळावे, असा नियम केला तर हेच कोष्टक क्षणात सरळ होईल, आणि ईशान्य भारत, लडाख, अंदमान अशा दुर्गम प्रदेशांनाही त्याचा यथोचित लाभ होईल.

या योजनेच्या फलनिष्पत्तीविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात जे आकडे दिले ते प्रत्येक लोकप्रतिनिधीने वाचावेत. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मार्च २०२३ अखेर, अनुदान संपल्यावरही तग धरून राहिलेले मार्ग होते अवघे ५४. या आकड्यांवरून अनेक टीकाकारांनी निष्कर्ष काढला की लहान गावांना विमानाची गरजच नाही. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. जो मार्ग आठवड्यातून तीनदा, तोही भर दुपारी, कधी चालू कधी बंद अशा रीतीने चालतो, त्यावर व्यापाऱ्याचा, वकिलाचा वा रुग्णाचा विश्वास बसत नाही. विश्वास नसला की आसने रिकामी राहतात, आसने रिकामी राहिली की फेऱ्या कमी होतात, आणि तीन वर्षांच्या आतच मार्गाचा निकाल लागतो. विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपासून बदलतात, आणि उन्हाळ्यात नकाशावर असलेली सेवा हिवाळ्यात नाहीशी झालेली आढळते. लोकांना नवीन प्रवासाची सवय लागण्यास एका ऋतूचा अवधी पुरत नाही. एस.टी.ची मुक्कामी गाडी गावाच्या अंगवळणी पडली ती ती रोज, त्याच वेळी, पाच प्रवासी असले तरी सुटत राहिली म्हणून.

आणि राज्यातील अलीकडच्या विमानतळांचा अनुभवही एकाच दिशेला बोट दाखवितो. सिंधुदुर्गातील चिपीचे विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले ते मुंबईच्या विमानाने, आणि ती मुंबईची सेवा पुढे खंडित झाली. अमरावतीजवळचे बेलोरा एप्रिल २०२५ मध्ये उघडले, तेही मुंबईच्याच विमानाने. प्रत्येक जिल्ह्याची पहिली मागणी मुंबईची असते, हे स्वाभाविक आहे, कारण मंत्रालय तेथे, उच्च न्यायालय तेथे, मोठी रुग्णालये तेथे. पण सत्तेची आणि न्यायाची केंद्रे आता एका शहरापुरती राहिलेली नाहीत. १९५३ च्या नागपूर करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, आणि त्या काळात राज्याच्या सर्व कोपऱ्यांतून आमदार, अधिकारी, कर्मचारी, मोर्चेकरी व फिर्यादी तेथे येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. त्या बेंचसाठी वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक दशके जो लढा दिला त्याचे सूत्र हेच होते की, दूर असलेला न्याय हा वेळ, पैसा व धीर यांची किंमत मागतो. ज्यांनी हे सूत्र मान्य केले त्यांनी ते प्रवासाच्या बाबतीतही मान्य करावयास हवे.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या राज्यात एस.टी.च्या गाड्या जीर्ण झाल्या आहेत, जेथे शेतमजुराला तालुक्याच्या गावी जाण्यास वाहन मिळत नाही, तेथे विमानाच्या तिकिटासाठी सरकारी पैसा का द्यावा? आक्षेप न्याय्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की, एस.टी.चा पैसा काढून तो विमानाला द्यावा असे कोणीही म्हणत नाही व म्हणू नये. परंतु अवयवदानाचा प्रसंग घ्या. काढलेले हृदय चार ते सहा तासांच्या आत दुसऱ्या देहात धडधडू लागले पाहिजे. नागपूर, पुणे, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे त्या घटकांचा हिशेब ठेवून काम करतात, आणि अशा प्रसंगी ज्याचा जीव वाचतो तो धनिकच असतो असे नाही. सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थी, बदलीवर गेलेला शिक्षक, कर्करोगाच्या उपचारासाठी निघालेली गृहिणी, हे सर्व जण आज कर्ज काढून का होईना मुंबईमार्गे विमानाने जातातच. थेट मार्गाने त्यांचा खर्चही कमी होईल. इंधनाचाही विचार करा: दोनदा चढणे आणि दोनदा उतरणे यांत, व हजार किलोमीटरच्या वळशात, जे इंधन जळते त्यापेक्षा एका लहान विमानाचे ७०० किलोमीटरचे सरळ उड्डाण केव्हाही सौम्य. विमानप्रवास वाढावा असे माझे म्हणणे नाही. जो होतो आहे तो आडमार्गाने होऊ नये, असे आहे.

त्याचबरोबर प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवे या चढाओढीलाही माझा पाठिंबा नाही. आपल्या आकाशरेषेच्या खालीच यवतमाळ, लातूर व धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत, आणि त्या वर्षानुवर्षे नियमित प्रवासी विमानाची वाट पाहत पडून आहेत. धावपट्टी बांधणे सोपे. तिच्यावर रोज विमान आणणे कठीण. दहा ठिकाणी फिती कापण्यापेक्षा नागपूर-कोल्हापूर, नांदेड-कोल्हापूर, नागपूर-नाशिक असे दोन-तीन आडवे मार्ग दहा वर्षे अखंड चालू ठेवणे राज्याच्या हिताचे आहे. त्यासाठी विमानतळांवरील उणिवा दूर करणे अगत्याचे. कोल्हापूरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे; उंची वाढली की हवा विरळ होते आणि विमानाला धावायला अधिक पट्टी लागते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेथेही हवेचा तोच परिणाम होतो. धावपट्टी आखूड असेल तर विमान काही आसने रिकामी ठेवून उडते, आणि त्या रिकाम्या आसनांचा भुर्दंड अखेर मार्गाच्या आयुष्यावर पडतो. ज्या विमानतळावर उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय नाही तेथे वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसले पाहिजे. आषाढातल्या कोल्हापुरात ही अपेक्षा कित्येक दिवस पुरी होत नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापुरात नवी टर्मिनल इमारत झाली, ती देखणी आहे, तिच्या कमानी पाहून मन प्रसन्न होते. पण पावसाळ्यात विमान उतरेल की नाही हे कमानींवर ठरत नाही.

राज्य शासनाने करावयाचे ते एवढेच आहे की, अशा आडव्या मार्गासाठी स्वतःची निविदा काढावी आणि तिच्यात अटी वेळेच्या भाषेत घालाव्यात. आठवड्यातून किमान पाच दिवस विमान कोल्हापूरहून सकाळी आठच्या आत सुटावे व नागपूरहून सायंकाळी सहानंतर परतावे, म्हणजे दिवसाचे कामाचे तास प्रवाशाच्या हाती राहतील. परतीला कोल्हापुरात अंधार पडलेला असेल, म्हणून रात्री उतरण्याची सोय चालू ठेवण्याचा खर्च विमानतळाच्या माथी न मारता शासनाने उचलावा. शेकडा नव्वद फेऱ्या वेळेवर न झाल्यास अनुदानात कपात व्हावी, आणि पावसामुळे रद्द झालेली फेरी त्या कपातीतून वगळावी. तीन वर्षांची मुदत वाढवून किमान सहा वर्षांची करावी, पहिल्या दोन वर्षांत ठराविक आसने शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी, न्यायाधीशांसाठी व सरकारी रुग्णालयांनी पाठविलेल्या रुग्णांसाठी स्वतः विकत घ्यावीत, आणि प्रत्येक सहामाहीला मार्गाचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. त्या अहवालात किती प्रवासी गेले हे तर असावेच, पण चंदगडहून गडचिरोलीला, इचलकरंजीहून वर्ध्याला, मिरजेहून चंद्रपूरला जाणाऱ्या माणसाचा घरापासून घरापर्यंतचा सरासरी काळ किती झाला, आणि तो मागील सहामाहीपेक्षा घटला की वाढला, हाही रकाना असावा. अशी निविदा काढण्यास केंद्राच्या परवानगीची गरज नाही, आणि तिचा मसुदा हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात जमणाऱ्या सदस्यांपुढे मांडण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही.